अकरावीचे मार्क कुणी विचारत नाही, अकरावी मात्र विचारते

दहावीचा निकाल लागला की आपल्याकडे दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, ‘किती पडले?’ आणि सायन्स घेतलं म्हटलं की लगेच दुसरा, ‘कोणता ग्रुप?’ देवगाव रंगारीच्या स्टँडवर, किराणा दुकानात, अद्रकीच्या वावरात कुठंही विचारा, ए ग्रुप, बी ग्रुप अन् एबी ग्रुप यांवर मत नसलेला माणूस सापडणार नाही. ज्याच्या घरात अजून एकही डॉक्टर झालेला नाही, त्याचंही ठाम मत असतं. त्यातली निम्मी मतं वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या नियमांवर उभी आहेत, अन् तिथंच घोळ होतो.

तुम्ही अकरावी-बारावीत असाल, किंवा तुमचा धाकटा भाऊ-बहीण यंदा सायन्सच्या उंबरठ्यावर असेल, तर एक गोष्ट आधी नीट समजून घ्या. मेडिकलच्या प्रवेशात दहावी, अकरावी आणि बारावी या तिन्ही वर्षांचं काम वेगवेगळं आहे. कुठले मार्क मोजले जातात, कुठले फक्त पाहिले जातात आणि कुठल्यांकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, हे कळलं की कितीतरी निर्णय आपोआप सोपे होतात.

आधी थोडं मागं जाऊ. एक काळ होता, जेव्हा महाराष्ट्रात मेडिकलचा प्रवेश थेट बारावीच्या मार्कांवर व्हायचा. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीचे मार्क जोडायचे आणि यादी लावायची. एकेका मार्कासाठी पोरं रात्रंदिवस राबायची. ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द त्याच काळातला. बोर्डाच्या पेपरचा बारीक अभ्यास, सराव परीक्षांवर सराव परीक्षा आणि गुणवत्ता यादीत लातूरची नावं. नंतर राज्याची सीईटी आली आणि बारावीचे मार्क मागं पडले. २०१३ साली देशभरासाठी ‘नीट’ आली, त्याच वर्षी सुप्रीम कोर्टानं ती रद्द केली, २०१६ मध्ये त्याच कोर्टानं ती परत आणली. त्या उन्हाळ्यात राज्यातल्या पोरांनी जी धावपळ केली ती मोठ्या भावंडांना विचारा, आधी सीईटी की आधी नीट हेच आठवडेच्या आठवडे ठरत नव्हतं. २०१७ पासून मात्र महाराष्ट्रात एमबीबीएससाठी नीट आणि फक्त नीट.

म्हणजे आज गुणवत्ता यादीत तुमचा नंबर ठरवतो तो ७२० मार्कांचा एकच पेपर. १८० प्रश्न, बरोबर उत्तराला ४ मार्क, चुकलं की १ वजा. बायोलॉजीचे ९० प्रश्न, फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे ४५-४५. बारावीला ९५ टक्के पडले म्हणून या यादीत एक पायरीही वर सरकता येत नाही. दोघांचे नीटचे मार्क सारखे आले तर आधी बायोलॉजीचे मार्क बघतात, मग केमिस्ट्रीचे, मग फिजिक्सचे. तिथंही बारावी येत नाही.

मग काय, बारावी सोडून द्यायची? इथंच पोरं फसतात.

बारावी यादीत वर चढवत नाही, पण दारावर उभी आहे. राज्याच्या प्रवेश प्रक्रियेत चालत आलेला निकष असा आहे : फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के, राखीव प्रवर्गाला ४० टक्के. म्हणजे ३०० पैकी १५० किंवा १२०. शिवाय या तिन्ही विषयांत आणि इंग्रजीत वेगवेगळं पास व्हावंच लागतं. प्रत्येक सायन्स विषयात ३० मार्क प्रॅक्टिकलचे आणि ७० लेखीचे. तीन विषयांच्या प्रॅक्टिकलमध्ये ९० पैकी ७५ मिळाले, तर लेखीत २१० पैकी ७५ मिळवले की खुल्या प्रवर्गाची रेषा पार. ऐकायला सोपं वाटतं ना? म्हणूनच दुर्लक्ष होतं. दोन वर्षं फक्त पर्यायांपुढचे गोल काळे करण्याची सवय लागलेल्या हाताला फेब्रुवारीत अचानक चार-चार मार्कांची उत्तरं, आकृत्या अन् डेरिव्हेशन लिहायची वेळ येते. आणि इंग्रजी! नीटमध्ये इंग्रजीला शून्य मार्क आहेत, त्यामुळं वर्षभर पुस्तक उघडलं जात नाही. पण इंग्रजीत उडाला तर नीटचा स्कोअर कितीही असो, तो कागदावरच राहतो. निकषांची माहितीपुस्तिका दरवर्षी नव्यानं निघते, क्लासच्या पत्रकापेक्षा ती वाचा.

आता आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेज, म्हणजे पुण्याचं एएफएमसी डोक्यात असेल तर गोष्ट आणखी कडक आहे. तिथंही नीट लागतेच, पण त्याआधी बारावीला तिन्ही विषय मिळून किमान ६० टक्के, प्रत्येक सायन्स विषयात वेगळे ५० आणि इंग्रजीतही ५० टक्के हवेत. तेही पहिल्याच प्रयत्नात. नंतर पुन्हा परीक्षा देऊन मार्क वाढवले, तर ते तिथं चालत नाहीत. लष्करी डॉक्टर व्हायचं स्वप्न गावाकडच्या बऱ्याच पोरापोरींचं असतं आणि ही अट त्यांना बारावी संपल्यावर कळते.

आता अकरावीकडे येऊ. खरा विषय तोच आहे.

अकरावीचे मार्क नीट विचारत नाही, राज्याचा सीईटी सेल विचारत नाही, कुठलंच सरकारी मेडिकल कॉलेज विचारत नाही. परीक्षा कॉलेजचीच, पेपर कॉलेजातच तपासले जातात. त्यामुळं ‘दहावीला घाम गाळला, आता एक वर्ष जरा मोकळं’ असं घरातलेही म्हणतात. पण नीटच्या अभ्यासक्रमाची दोन पुस्तकं समोर ठेवून धडे मोजा. जवळपास अर्धा भाग अकरावीचा आहे. मानवी शरीराचं कार्य म्हणजे श्वसन, रक्ताभिसरण, मज्जासंस्था सगळं अकरावीत. वनस्पतींचं वर्गीकरण, पेशी, प्रकाशसंश्लेषण अकरावीत. गतीचे नियम, कार्य-ऊर्जा, उष्णता अकरावीत. केमिस्ट्रीत मोल संकल्पना, बंध, समतोल या सगळ्या पायाभरण्या अकरावीच्याच. राज्याच्या एमएचटी-सीईटीत अकरावीचा वाटा साधारण २० टक्के असतो, त्यामुळं इंजिनिअरिंगवाल्या मित्राला अकरावी ढकलून देणं एक वेळ जमून जाईल. तुम्हाला नाही जमणार. मित्राचं बघून आपलं वेळापत्रक ठरवू नका, एवढंच.

आणि आपल्या भागातल्या पोरांसाठी अकरावीची पहिली सहामाही आणखी एका कारणानं अवघड जाते. ती भाषेची. दहावीपर्यंत मराठी माध्यम किंवा फार तर सेमी. अकरावीला एकदम सगळं इंग्रजीत. कालपर्यंत जे ‘तंतुकणिका’ होतं ते आज ‘मायटोकॉन्ड्रिया’, जे ‘त्वरण’ होतं ते ‘ॲक्सलरेशन’. दहावीला ९२ टक्के घेणारी पोरगी पहिल्या चाचणीत २५ पैकी ९ मार्क आणते आणि घरात सन्नाटा पसरतो. ‘हिला झेपत नाही बहुतेक, आर्ट्सला टाकू.’ असे निर्णय दिवाळीच्या सुट्टीत होतात, त्यातही मुलींच्या बाबतीत जरा जास्तच लवकर होतात, हे मी कौतुकानं लिहीत नाहीये. त्या ९ मार्कांना कुठल्याही प्रवेशयादीत किंमत नाही. त्यांचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की, विषय समजतोय पण शब्द अजून ओळखीचे झाले नाहीत. यावर उपाय अगदी गावठी आहे. शंभर पानी वही घ्यायची, डाव्या बाजूला मराठी शब्द, उजव्या बाजूला इंग्रजी. बायोलॉजीसाठी पहिले चार महिने हेच करा. नीटचा पेपर मराठीतही मिळतो, प्रश्न इंग्रजी आणि मराठी दोन्हीत छापलेले असतात. पण अभ्यासाचं साहित्य, सराव पेपर, व्हिडिओ बहुतांश इंग्रजी-हिंदीत, त्यामुळं मराठीच्या भरवशावर पूर्ण राहणं अवघड जातं. दोन्ही भाषांत शब्द माहीत असणारा खरं तर फायद्यात असतो.

पण अकरावीचे कमी मार्क अगदीच निरर्थक असतात असंही नाही. भाषेचा धक्का पहिल्या सहामाहीत बसतो आणि हळूहळू ओसरतो. वर्षाच्या शेवटीही फिजिक्स तिथंच अडकलं असेल तर मग ते शब्दांचं नाही, गणिताचं दुखणं आहे. त्यावर उन्हाळ्याच्या सुट्टीतच काम झालं पाहिजे, बारावी सुरू झाली की मागं बघायला वेळ मिळत नाही.

आणि इथं ग्रुपचा प्रश्न येतो. बारावीला सहा विषय, ६०० मार्क. एबी ग्रुप म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी चारही, वर इंग्रजी आणि आणखी एक विषय. बी ग्रुपमध्ये मॅथ्सच्या जागी दुसरा विषय. पीकशास्त्रासारखा बायफोकल विषय मिळाला तर तो एकटाच २०० मार्कांचा असतो, दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय दोन्ही त्याच्या पोटात जातात. शेतकऱ्याच्या पोराला पीकशास्त्र घरचंच वाटतं आणि टक्केवारीही चांगली सुधारते.

तर एबी घ्यावा का? ‘दोन्ही दरवाजे उघडे राहतील’ असं सांगून घरचे एबी घ्यायला लावतात. दरवाजे उघडे राहतात हे खरं आहे. नीट नाही जमली तर इंजिनिअरिंगचा रस्ता राहतो. पण त्याची किंमत तासांत मोजा. बारावीचं मॅथ्स हा जड विषय आहे, आठवड्याचे सात-आठ तास तो सहज खातो. नीटमध्ये अर्धे मार्क एकट्या बायोलॉजीला, ७२० पैकी ३६०. बोर्डात त्याच बायोलॉजीला ६०० पैकी १००. म्हणजे कॉलेजचं वेळापत्रक ज्या विषयाला सहावा हिस्सा देतं, त्याच विषयावर तुमचा अर्धा नंबर अवलंबून आहे. ही तफावत भरून काढायला वेळ लागतो अन् तो वेळ मॅथ्सकडे गेला तर मिळत नाही.

माझं मत विचाराल तर, ज्याला दहावीला गणित आवडलं आणि जो मेडिकलबद्दल पन्नास टक्केच पक्का आहे, त्यानं बेलाशक एबी घ्यावा. ज्याचं पक्कं ठरलंय त्यानं ‘लोक काय म्हणतील’ म्हणून मॅथ्स ओढत नेऊ नये. फक्त एक लक्षात ठेवा, बी ग्रुप घेतला म्हणून गणित सुटत नाही. सदिश, लॉगॅरिदम, थोडं डिफरन्सिएशन यांच्याशिवाय नीटचं फिजिक्स हलत नाही आणि तिथं कॅल्क्युलेटरही नसतो. मॅथ्सचे तेवढे धडे ग्रुप कोणताही असो, करून टाका.

उलट बाजूनं अडकलेल्यांसाठीही एक रस्ता उघडलाय. ए ग्रुप घेतला, बारावी झाली आणि मग डॉक्टर व्हावंसं वाटलं, तर पूर्वी दार बंद असायचं. नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं जाहीर केलं की, बारावीनंतर मान्यताप्राप्त बोर्डाकडून बायोलॉजी अतिरिक्त विषय म्हणून पास केला तरी नीट देता येईल. सोळाव्या वर्षी घेतलेला ग्रुप आता जन्माची गाठ राहिलेला नाही.

आता कुठं शिकायचं, हा प्रश्न. देवगाव रंगारीहून संभाजीनगर साधारण पन्नास किलोमीटर. कसाबखेडा, वेरूळ, खुलताबाद करत एसटी शहरात पोचते. रोजचं अप-डाऊन करायचं म्हटलं तर जाऊन-येऊन तीनेक तास जातात. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, मुलांना सवलतीत, त्यामुळं पैशाचा प्रश्न सुटतो. तासांचा सुटत नाही. शहरात खोली घेतली तर तास वाचतात, पण मेस, भाडं, क्लास असा डोंगर उभा राहतो. आणि तिसरा रस्ता म्हणजे लातूर किंवा थेट कोटा.

कोट्याच्या बाबतीत एक नियम असा आहे की तो ठळक अक्षरात लिहून भिंतीवर लावावा. महाराष्ट्रातल्या सरकारी मेडिकल कॉलेजांतल्या ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातल्या, १५ टक्के अखिल भारतीय. राज्याच्या ८५ टक्क्यांत यायचं तर अधिवास प्रमाणपत्र लागतंच, शिवाय सर्वसाधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्याच शाळा-कॉलेजातून पास झालेली असावी लागते. सरकारी नोकरांच्या मुलांना वगैरे काही सवलती आहेत, पण शेतकऱ्याच्या पोराला त्या लागू नाहीत. क्लासवाला म्हणतो, ‘बारावीचा फॉर्म इकडंच राजस्थानात भरून टाकू, हजेरीचं टेन्शन नाही.’ त्या एका सहीनं पोरगा आपल्याच राज्यातल्या ८५ टक्के जागांमधून बाहेर पडतो, अन् त्याला ते कळतं दोन वर्षांनी, कौन्सेलिंगच्या वेळी. कोट्याला जा, नका जाऊ, तुमचा प्रश्न. बारावीचा फॉर्म मात्र इथून भरा.

मराठवाड्यातल्या आपल्या पिढीला एक गोष्ट मागच्यांपेक्षा बरी मिळालीय. २०२० पर्यंत राज्यात ७०:३० चं सूत्र होतं. विभागातल्या कॉलेजांतल्या ७० टक्के जागा त्याच विभागातल्या पोरांना, ३० टक्के बाकीच्या राज्याला. ऐकायला न्याय्य वाटतं. पण मराठवाड्यात कॉलेजंच कमी, त्यामुळं आपल्या वाट्याला जागाही कमी आणि मुंबई-पुण्याच्या जागांवर हक्क फक्त ३० टक्क्यांत. जास्त मार्क असूनही इथल्या पोरांचे प्रवेश हुकायचे. सप्टेंबर २०२० मध्ये तेव्हाचे वैद्यकीय शिक्षणमंत्री अमित देशमुख यांनी विधानसभेत हे सूत्र रद्द झाल्याचं जाहीर केलं. आता पूर्ण राज्याची एकच यादी. त्यात इथली कॉलेजंही वाढली. १९५६ पासूनची आपली घाटी आहे, अंबाजोगाई, नांदेड, लातूर आहेत, आणि अलीकडच्या काळात धाराशिव, परभणी, मग २०२४ मध्ये जालना आणि हिंगोली. यादी भरताना घरापासून जवळच्या कॉलेजला कमी समजू नका, डिग्री तीच आहे.

बाहेर जगात हे सगळं कसं चालतं? अमेरिकेत स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी घरातल्या चुलतभावाला विचारा, तो तुमच्या नीटवर जळेल आणि तुम्ही त्याच्यावर. तिकडं आधी चार वर्षांची पदवी, मग मेडिकल. अर्जात कॉलेजच्या पहिल्या सेमिस्टरपासूनचा प्रत्येक ग्रेड जातो. पहिल्या वर्षी केमिस्ट्रीत ‘सी’ पडला आणि विषय पुन्हा घेऊन ‘ए’ मिळवला, तरी मेडिकलच्या सामाईक अर्जात दोन्ही ग्रेड सरासरीत धरले जातात. एका सेमिस्टरला किती विषय घेतले, अवघड विषय टाळले का, हेही बघतात. वर एमकॅट नावाची परीक्षा, मुलाखत, दवाखान्यात केलेलं स्वयंसेवी काम. तिकडं अठराव्या वर्षीची एक वाईट सहामाही शेवटपर्यंत सोबत राहते. आपल्याकडं तसं नाही, पण आपल्याकडं चार वर्षांची सरासरी सांभाळून घेत नाही, मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी ताप आला की वर्ष गेलं.

यातलं बरं काय, यावर देशातही एकमत नाही. तमिळनाडूत नीट येण्याआधी बारावीच्या मार्कांवर प्रवेश व्हायचे आणि तिथली सरकारं आजही तीच पद्धत मागतायत. महागडे क्लास ज्याला परवडतात त्याचीच नीट, हा त्यांचा मुद्दा. २०२० मध्ये त्यांनी सरकारी शाळेत शिकलेल्यांसाठी मेडिकलच्या ७.५ टक्के जागा वेगळ्या ठेवल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या आपल्याकडच्या पोरांसाठी असं काही का नाही, हा प्रश्न कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत तरी विचारायला हरकत नाही. पण मार्कांवर प्रवेश होते तेव्हा सगळं निर्मळ होतं असंही समजू नका. तेव्हाही कॉपीची केंद्रं होती अन् प्रॅक्टिकलच्या मार्कांची कुजबुज होतीच.

राहिला ड्रॉपचा मुद्दा. २०२२ पासून नीटला वयाची वरची मर्यादा नाही आणि किती वेळा द्यायची याचंही बंधन नाही. बारावीचे मार्क शिळे होत नाहीत, एकदा पात्र झालात की पुढच्या वर्षी फक्त नीट द्यायची. ड्रॉप घ्यायचा की नाही हे ठरवताना एकच आकडा बघू नका. २०२५ ला खुल्या प्रवर्गात १४४ मार्कांवर विद्यार्थी ‘पात्र’ ठरला, पण पात्र होणं आणि सरकारी सीट मिळणं यात काही शे मार्कांचं अंतर असतं. त्या वर्षी पेपर एवढा अवघड होता की देशात पहिल्या आलेल्यालाही ६८६ पडले, त्याच्या आदल्या वर्षी पैकीच्या पैकी मिळवणारे डझनावारी होते. म्हणून मागच्या वर्षीच्या मार्कांशी तुलना करू नका, रँकशी करा. आणि आपली चूक कुठली होती ते उत्तरपत्रिकेवरून काढा. अकरावीच्या धड्यांतले प्रश्न सुटले नसतील, तर ड्रॉपचं वर्ष तिथून सुरू करायचं, बारावीच्या पहिल्या धड्यापासून नव्हे. पुन्हा तोच क्लास, तीच बॅच, तोच क्रम असं करणाऱ्यांचा स्कोअर जिथल्या तिथं राहतो.

एमबीबीएस नाही मिळालं तर बीएएमएस, बीएचएमएस, दंतवैद्यक हेही नीटमधूनच. बीएस्सी नर्सिंगची राज्यात वेगळी सीईटी आहे. तिचा फॉर्म वेळेत भरून ठेवा, नीटच्या निकालानंतर भरू म्हटलं तर तारीख निघून गेलेली असते.

आणि कागदपत्रं. अधिवास, जातीचं प्रमाणपत्र, जात वैधता, नॉन-क्रीमिलेअर. यातलं जात वैधतेचं काम सगळ्यात जास्त वेळ खातं, आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या निर्गम उताऱ्यापर्यंत जावं लागतं. बारावीचा निकाल लागल्यावर कन्नड तहसीलच्या अन् शहरातल्या समितीच्या चकरा सुरू करणाऱ्यांची जुलैमध्ये काय अवस्था होते, ते सेतू केंद्रावर उभं राहून बघा. अकरावीच्या दिवाळीत अर्ज टाका. त्या सुट्टीत तसंही सगळे घरी असतात आणि जुने कागद कुठल्या पेटीत आहेत हे आजीलाच माहीत असतं.